लघुग्रहाचा फोटो का येत नाही: नुसते तारे, फिकट रेघ आणि स्टॅकमधून गायब होणारा ठिपका

तक्रार बहुतेक वेळा एकाच सुरात येते. आकाश निरभ्र होतं, फोकस नेमका होता, पोलर अलाइनमेंट (दुर्बिणीचा अक्ष ध्रुवाच्या रोखानं लावणं) मन लावून केली होती, ॲपनं लघुग्रह जिथे दाखवला तिथेच दुर्बीण लावली होती. दीडशे फ्रेम काढल्या आणि सकाळी उघडून पाहिलं तर नुसते तारे. पुढच्या खेपेला लघुग्रह सापडतो, पण इतकी फिकट रेघ होऊन की ती खरी की डोळ्यांचा भास हे ठरत नाही. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा नुसते तारे.

या सगळ्या खेपा मी स्वतः घातल्या आहेत, काही तर दोनदा. त्यातून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली: कॅमेरा आणि आरसा यांच्यावर संशय घ्यायचा तो सगळ्यात शेवटी. पृथ्वीजवळून जाणारा वेगवान लघुग्रह हुकतो तेव्हा बहुतेक वेळा दोनपैकी एक झालेलं असतं. एक तर तुम्ही चुकीच्या पत्त्यावर गेला होतात. नाही तर पत्ता बरोबर होता, लघुग्रह फ्रेममध्ये येऊनही गेला, आणि नंतर तुमच्याच सॉफ्टवेअरनं त्याला कचरा समजून पुसून टाकलं. म्हणून वाचायला लागण्यापूर्वी एक विनंती: त्या ‘रिकाम्या’ फ्रेम अजून डिलीट करू नका.

आधी वेग काढा

मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या मुख्य पट्ट्यातला लघुग्रह मिनिटाला साधारण अर्धी विकला सरकतो (एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला). तिथे वेगाचा विचार केला नाही तरी निभावतं. दोन मिनिटांच्या एक्स्पोजरमध्येही तो ताऱ्यासारखाच गोल येतो. पृथ्वीजवळच्यांचं गणित निराळं. समजा एक लघुग्रह चंद्राइतक्या अंतरावर, म्हणजे ३,८४,४०० किलोमीटरवर आहे आणि आपल्या नजरेला आडवा सेकंदाला १० किलोमीटर वेगानं चालला आहे. भागाकार केला की सेकंदाला ५.४ विकला येतात. तोच दहा चांद्र-अंतरांवर असेल तर सेकंदाला अर्धी विकला. १५ फेब्रुवारी २०१३ ला २०१२ डीए१४ हा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे २७,७०० किलोमीटरवरून गेला, तेव्हा तो मिनिटाला पाऊण अंशाहून जास्त पळत होता. म्हणजे पूर्ण चंद्राचं बिंब ओलांडायला एक मिनिटही पुरेसं झालं असतं, वर वेळ उरला असता.

जवळ आला म्हणजे वेगानं पळणारच, असं मात्र धरून चालू नका. थेट आपल्या रोखानं येणारा लघुग्रह ताऱ्यांमध्ये जवळपास थबकल्यासारखा दिसतो. २५ जुलै २०१९ ला ७० हजार किलोमीटरच्या आसपासून गेलेला २०१९ ओके जेमतेम एक दिवस आधी सापडला, त्यामागे हेही एक कारण होतं. तेव्हा वेग अंदाजानं ठरवायचा नाही. इफेमेरिसमधून, म्हणजे ‘कोणत्या क्षणी कुठे’ याच्या कोष्टकातून घ्यायचा, आणि ज्या तासाला फोटो काढणार त्याच तासाचा घ्यायचा. संध्याकाळचा आकडा मध्यरात्री चालत नाही.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण वापरतो, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतील. फोकल लेंग्थ १००० मिलिमीटर, कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा, सेन्सर ३००८ गुणिले ३००८ पिक्सेलचा. २०६.२६५ ला पिक्सेलच्या मायक्रॉनमधल्या आकारानं गुणा आणि फोकल लेंग्थच्या मिलिमीटरनं भागा; एका पिक्सेलमध्ये ०.७८ विकला आकाश मावतं. पूर्ण फ्रेमची रुंदी साधारण ३९ कला. सेकंदाला एक विकला चालणारा लघुग्रह ही फ्रेम ३९ मिनिटांत ओलांडेल, ५.४ विकलांचा सात मिनिटांत. तुमच्या सामानाचे हे आकडे काढून वहीत लिहून ठेवा, पुढे दर वळणावर लागतात.

“फ्रेममध्ये काहीच नाही”

सगळ्यात जास्त रात्री वाया घालवणारी चूक ही: इफेमेरिस पृथ्वीच्या केंद्रासाठी काढलेली असते आणि आपण उभे असतो पृष्ठभागावर. लघुग्रहांच्या निरीक्षणांची जागतिक नोंद ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरच्या इफेमेरिस सेवेत वेधशाळेचा कोड किंवा अक्षांश-रेखांश भरले नाहीत, तर ती भूकेंद्रासाठी उत्तर देते. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेच्या होरायझन्स या तशाच सेवेतही निरीक्षकाचं ठिकाण बदललं नाही तर तेच, भूकेंद्राचा कोड ५००. तारा असता तर काडीचा फरक पडला नसता. लघुग्रह चंद्राइतक्या अंतरावर असेल तर पडतो, कारण पृथ्वीची ६,३७८ किलोमीटरची त्रिज्या तिथून ५७ कलांची दिसते. लघुग्रह क्षितिजालगत असेल तर चूक पूर्ण ५७ कलांची, ४५ अंश उंचीवर असेल तर ४० कलांची, अगदी डोक्यावर असेल तर शून्य. आपली फ्रेम ३९ कलांची, मध्यापासून कडेपर्यंत जेमतेम साडेएकोणीस. लघुग्रह फ्रेमच्या कितीतरी बाहेरून निघून जातो आणि आपण अत्यंत अचूकपणे मोकळ्या आकाशाचे फोटो काढत बसतो.

यातली खरी गोम पुढे आहे. दहा चांद्र-अंतरांवरच्या लघुग्रहासाठी हीच चूक फार तर ५.७ कलांची असते. तो मध्याऐवजी थोडा बाजूला येतो, पण येतो. त्यामुळे “मागच्या वेळी हेच सगळं करून मिळाला होता की!” हे वाक्य खरंही असतं आणि फसवंही. मी असाच फसलो होतो. लागोपाठ दोन लांबचे लघुग्रह मिळाल्यावर पद्धत सिद्ध झाली असं धरलं, आणि तिसऱ्याला, जो खरोखर जवळून जाणार होता, त्याला पूर्ण हुकलो. दुसऱ्या दिवशी फ्रेम ताडून पाहिल्या तेव्हा कळलं, मी बरोब्बर तिथेच पाहत होतो जिथे तो पृथ्वीच्या पोटात बसलेल्या माणसाला दिसला असता.

ठिकाणाची चूक वेगालाही लागते. पृथ्वी स्वतःभोवती फिरताना आपल्याला सोबत नेते, विषुववृत्तावर सेकंदाला जवळपास अर्धा किलोमीटर. चांद्र-अंतरावरच्या लघुग्रहाच्या दिसणाऱ्या वेगात यामुळे मिनिटाला १५ विकलांपर्यंत फरक पडू शकतो, आणि त्याची वाट सरळ न राहता किंचित वाकते. म्हणून ठिकाण भरताना गावाचा ढोबळ अंदाज नको. अक्षांश, रेखांश आणि उंची नीट भरा, रेखांशाचं पूर्व-पश्चिम चिन्ह तर दोनदा पाहा.

दुसरं कारण, शिळी कक्षा. तारांगण दाखवणारी बहुतेक सॉफ्टवेअरं लघुग्रहाची कक्षा एका ठरावीक तारखेच्या घटकांवरून, म्हणजे कक्षेचं वर्णन करणाऱ्या आकड्यांवरून, पुढे ढकलतात, जणू आकाशात सूर्य आणि तो लघुग्रह दोघंच आहेत. मुख्य पट्ट्यात हे खपून जातं. पृथ्वीजवळून जाताना मात्र पृथ्वी त्याची वाट वाकवते, आणि ते या हिशेबात धरलेलंच नसतं. घटक काही महिन्यांपूर्वीचे असतील तर ॲपमधला ठिपका आणि खरा लघुग्रह यांची गाठच पडत नाही. ॲप आकाशाची ओळख पटवायला ठेवा, पत्ता होरायझन्सकडून किंवा मायनर प्लॅनेट सेंटरकडून त्याच दिवशी घ्या. लघुग्रह नुकताच सापडलेला असेल तर त्याच संध्याकाळी पुन्हा घ्या. दोन-चार दिवसांच्याच निरीक्षणांवरून काढलेल्या कक्षेत अनिश्चितता भरपूर असते. होरायझन्स ती कोष्टकात देतं. तो आकडा तुमच्या फ्रेमपेक्षा मोठा असेल तर एका जागी बसून उपयोग नाही, अनिश्चितता ज्या रेषेत पसरली आहे त्या रेषेवर शेजारशेजारच्या दोन-तीन फ्रेम घ्याव्या लागतात.

तिसरं कारण ऐकायला क्षुल्लक, पण ते मुकाट्यानं काम बिघडवतं. कोष्टकातले विषुवांश आणि क्रांती (आकाशातले जणू रेखांश आणि अक्षांश) बहुधा २००० सालच्या संदर्भातले असतात, आणि काही माउंट, म्हणजे दुर्बीण फिरवणारे आधार, आजच्या संदर्भातले आकडे मागतात. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे दोन्हींतला फरक वर्षाला ५० विकलांनी वाढत जातो. पंचविसेक वर्षांत तो २१ कलांवर पोचला. आपली अर्धी फ्रेम साडेएकोणीस कलांची. म्हणजे फक्त या एका घोळानंही लघुग्रह कडेबाहेर जाऊ शकतो.

वेळेच्या घोळावर फार बोलत नाही. इफेमेरिस यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते, तुमचं घड्याळ स्थानिक वेळेत; वजाबाकी कागदावर करा, तोंडी नको, आणि मध्यरात्रीनंतर तारीख बदलते हे विसरू नका.

यावर उतारा एकच, आणि तो सगळ्या कारणांना लागू पडतो. पहिली फ्रेम काढली की लगेच प्लेट सॉल्व्ह करा, म्हणजे त्यातल्या ताऱ्यांवरून जागा ओळखून घ्या. ॲस्टॅपसारखं फुकट सॉफ्टवेअर काही सेकंदांत सांगतं की फ्रेमचा मध्य आकाशात नेमका कुठे आहे. तो मध्य कोष्टकातल्या पत्त्याशी ताडून पाहिल्याशिवाय दुसरी फ्रेम काढायची नाही. माउंटच्या पडद्यावर काय आकडा आहे याला काही अर्थ नाही. तो माउंटचा समज असतो, पुरावा नव्हे.

पाठलाग करू नका, वाटेत दबा धरून बसा

पत्ता बरोबर असूनही वेगवान लघुग्रह निसटतो, कारण आपण ‘आत्ताच्या’ जागेकडे दुर्बीण वळवतो. माउंट वळेपर्यंत, स्थिरावेपर्यंत, सॉल्व्ह होऊन दुरुस्ती होईपर्यंत चार मिनिटं गेलेली असतात. सेकंदाला ५.४ विकलांचा लघुग्रह तेवढ्यात २१ कला पुढे गेला. मग पुन्हा नवी जागा, पुन्हा तेच.

कोष्टक एक-एक मिनिटाच्या अंतरानं काढा. आतापासून पंधरा मिनिटांनंतरची जागा निवडा आणि ती फ्रेमच्या मध्याशी येईल अशी दुर्बीण निवांतपणे लावून ठेवा. नेहमीचं ताऱ्यांचं ट्रॅकिंग चालू राहू द्या. छोट्या एक्स्पोजरची मालिका सुरू करा आणि थांबा. लघुग्रह एका कडेनं आत येईल, दुसऱ्या कडेनं बाहेर जाईल. पहिल्यांदा असा कडेवरून आत शिरलेला ठिपका पाहिला की मागच्या सगळ्या फुकट गेलेल्या रात्री वसूल होतात. तो फ्रेममध्ये असतानाच पुढची जागा ठरवून ठेवायची, म्हणजे बाहेर पडल्यावर धावपळ होत नाही.

“आला, पण रेघ होऊन, आणि तीही फिकट”

इथे सर्वांचा पहिला विचार असतो: फिकट आहे ना, मग एक्स्पोजर वाढवू. नेमका उलटा उपाय. ताऱ्याचा प्रकाश साठ सेकंद त्याच चार पिक्सेलवर साचत राहतो. लघुग्रहाचा प्रकाश प्रत्येक पिक्सेलवर थोडा वेळच पडतो, मग लघुग्रह पुढच्या पिक्सेलवर जातो. एकदा तो पिक्सेल सोडून गेला की पुढच्या सगळ्या वेळात तिथे जमा होतो तो फक्त आकाशाचा उजेड, आणि त्याच्याबरोबर गोंगाट. एक्स्पोजर वाढवलं की रेघ लांब होते, उजळ होत नाही. उलट मागच्या उजेडात आणखी बुडते.

नियम सोपा आहे. त्या रात्री तुमच्या फ्रेममध्ये ताऱ्याचा ठिपका जितक्या विकला जाड येतो, त्याला लघुग्रहाच्या सेकंदाच्या वेगानं भागा. ठिपका तीन विकलांचा, वेग सेकंदाला एक विकला, तर एक्स्पोजर तीन सेकंद. वेग ५.४ असेल तर अर्ध्या सेकंदाच्या जरा वर. एवढ्या छोट्या एक्स्पोजरमध्ये तो दिसेल का, ही शंका रास्त आहे. एका फ्रेममध्ये कदाचित दिसणार नाही. म्हणूनच शंभर-दोनशे फ्रेम काढायच्या आणि त्या लघुग्रहाच्या चालीनं सरकवून एकावर एक ठेवायच्या. आजच्या सीमॉस कॅमेऱ्यांचा रीड नॉइज, म्हणजे फ्रेम वाचताना मिसळणारा गोंगाट, एक-दोन इलेक्ट्रॉनइतका कमी असतो, त्यामुळे छोट्या एक्स्पोजरचा जुन्या सीसीडीइतका भुर्दंड बसत नाही. आपल्या उदाहरणात बिनिंग २ गुणिले २ केलं, म्हणजे चार पिक्सेलचा मिळून एक केला, तर पिक्सेल दीड विकलांचा होतो, तीन विकलांच्या ठिपक्याला तेवढा पुरतो, आणि फाइलही चौथाईवर येते. फोकल रिड्यूसर (फोकल लेंग्थ कमी करणारं भिंग) असेल तर लावा. इथे जास्त फोकल लेंग्थचा डौल उपयोगाचा नाही.

फोटो देखणा हवा असेल, मोजमाप करायचं नसेल, तर रेघेला इतकं घाबरायचंही कारण नाही. पृथ्वीजवळचा पहिला लघुग्रह, ४३३ इरॉस, असाच सापडला: १३ ऑगस्ट १८९८ ला बर्लिनमध्ये गुस्ताव विट यांनी दोन तास उघड्या ठेवलेल्या फोटोप्लेटवर तारे ठिपके होते आणि हा पठ्ठ्या रेघ होता. उजळ लघुग्रहाची लांब रेघ हवी असेल तर खुशाल तीस सेकंद द्या. फक्त कोणत्या हेतूनं फोटो काढतो आहोत हे आधी ठरवा. अर्ध्या रात्री विचार बदलला की ना धड रेघ मिळते ना धड ठिपका.

“एकेका फ्रेममध्ये पुसट दिसतो, स्टॅक केला की गायब”

माझ्या मते ही या सगळ्या प्रकारातली सर्वांत चीड आणणारी गोष्ट, कारण इथे काम झालेलं असतं आणि आपणच ते खोडतो. स्टॅकिंगचं, म्हणजे अनेक फ्रेम एकावर एक रचून एक चित्र करणारं, सॉफ्टवेअर फ्रेम ताऱ्यांवर जुळवतं आणि मग प्रत्येक पिक्सेलला विचारतं: शंभर फ्रेममध्ये तुझी किंमत काय होती? नव्याण्णव वेळा काळोख आणि एकदाच उजेड, असं उत्तर आलं की ते त्या एका उजेडाला उपग्रह किंवा कॉस्मिक किरण समजून फेकून देतं. सिग्मा क्लिपिंग नेमकं हेच करायला बनवलं आहे. लघुग्रह प्रत्येक फ्रेममध्ये नव्या जागी असतो, म्हणून तो प्रत्येक फ्रेममध्ये उपराच ठरतो. मीडियन स्टॅकिंगनंही तीच गत. साध्या सरासरीत तो उडत नाही, पण शंभरानं भागला गेल्यावर उरतो तो नावापुरता.

त्या जुन्या फ्रेम राखून ठेवा म्हटलं ते यासाठी. ताऱ्यांवर जुळवलेल्या त्याच फ्रेम पुन्हा घ्या, सगळं रिजेक्शन (उपऱ्या किमती फेकण्याची सोय) बंद करा आणि स्टॅकिंगची पद्धत ‘मॅक्सिमम’ ठेवा. सिरिल आणि डीपस्कायस्टॅकर दोन्हींत ही सोय आहे. प्रत्येक पिक्सेलची सर्वांत उजळ किंमत तेवढी उरते, आणि लघुग्रह असेल तर ताऱ्यांमधून जाणारी ठिपक्यांची माळ उमटते. फोटो म्हणून हे चित्र कुरूप असतं, गोंगाटानं भरलेलं. शोध म्हणून फार कामाचं. माळ कोणत्या रेषेत आहे ते कोष्टकातल्या दिशेशी ताडा.

माळ सापडली की दुसरा स्टॅक करा, या वेळी लघुग्रहावर जुळवून. धूमकेतूसाठी असलेली जुळवणी इथे चालते: पहिल्या आणि शेवटच्या फ्रेममध्ये ठिपका दाखवा, मधल्या जागा सॉफ्टवेअर वेळेवरून काढतं. आता तारे रेघा होतात आणि लघुग्रह ठिपका. एकेका फ्रेममध्ये तो दिसतच नसेल, तर ॲस्ट्रोमेट्रिकामध्ये कोष्टकातला वेग आणि दिशा देऊन फ्रेम सरकवता येतात. वेगही नेमका ठाऊक नसेल, तर टायको ट्रॅकरसारखं सॉफ्टवेअर अनेक वेग आणि दिशा एकामागून एक लावून पाहतं आणि कोणत्या चालीनं ठिपका उजळतो ते शोधतं. संगणक तापतो, पण काम होतं.

लघुग्रह वळत्या वाटेनं जात असेल किंवा वेग बदलत असेल, तर अख्ख्या तासाच्या फ्रेम एका स्टॅकमध्ये घालू नका. पाच-दहा मिनिटांचे गट करा. ठिपका लांबट येऊ लागला की गट फार मोठा झाला असं समजायचं.

“माउंटला लघुग्रहाचा वेग दिला, तरीही रेघच”

लघुग्रहामागे दुर्बीण चालवायची आणि ताऱ्यांना पसरू द्यायचं, ही युक्ती डिजिटल कॅमेऱ्यांच्या खूप आधीची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतले धर्मोपदेशक जोएल मेटकाफ फोटोप्लेट लघुग्रहाच्या अपेक्षित चालीनं हलवत असत, म्हणजे फिकट लघुग्रहाचा प्रकाश एकाच जागी साचे. त्यांनी ४१ लघुग्रह शोधले. त्यांना एककांचा घोळ घालणारं सॉफ्टवेअर मात्र वापरावं लागलं नाही.

एककांचा घोळ असा. होरायझन्स वेग देतं तासाला विकला. मायनर प्लॅनेट सेंटर सहसा मिनिटाला विकला. आणि ॲस्कॉमच्या चालकाला (संगणकावरून माउंट चालवणाऱ्या ड्रायव्हरला) क्रांतीचा वेग हवा असतो सेकंदाला विकला, पण विषुवांशाचा वेग हवा असतो विषुवांशाच्या सेकंदांत. असा एक सेकंद म्हणजे १५ विकला. तिथे विकलांचा आकडा तसाच टाकला तर माउंट पंधरापट पळतं. शिवाय होरायझन्समधला विषुवांशाचा वेग क्रांतीच्या कोसाइननं गुणलेला असतो, म्हणजे आकाशावरचा खरा वेग. माउंटला बहुधा तो कोसाइननं भागून द्यावा लागतो. विषुववृत्ताजवळ हे विसरलात तरी जाणवत नाही. ६० अंश क्रांतीवर वेग बरोब्बर निम्मा पडतो. कोणतं सॉफ्टवेअर यातलं काय स्वतः करतं आणि काय तुमच्यावर सोडतं, याला काही धरबंध नाही.

म्हणून वाद न घालता मोजा. माउंटला वेग द्या आणि साठ सेकंदांची एक फ्रेम काढा. सेकंदाला एक विकला वेगानं जवळपास पूर्वेकडे जाणारा लघुग्रह असेल, तर ताऱ्यांच्या रेघा साठ विकलांच्या, म्हणजे आपल्या उदाहरणात ७७ पिक्सेलच्या यायला हव्यात. पाच पिक्सेल आल्या किंवा हजाराच्या वर गेल्या, तर पंधराचा घोळ. दुप्पट-निम्म्याचा फरक असेल तर कोसाइन तपासा. लांबी बरोबर पण लघुग्रहाची रेघ ताऱ्यांपेक्षाही लांब, तर चिन्ह उलटं पडलं. माउंट त्याच्यापासून दूर पळतं आहे.

आणि तारे अगदी गोल आले तर? ऑटोगायडर (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चाल दुरुस्त करणारी सोय) चालू राहिला. तो बिचारा इमानेइतबारे गाइड तारा जागच्या जागी धरून ठेवतो आणि तुम्ही दिलेला प्रत्येक धक्का परत फिरवतो. काही सेकंदांच्या एक्स्पोजरला गायडिंग लागतच नाही, बंद करा. हवंच असेल तर पीएचडी२ या गायडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये धूमकेतूसाठी लॉकची जागा ठरावीक वेगानं सरकवण्याची सोय आहे. वेगवान लघुग्रहाला ती फार वेळ पुरत नाही, गाइड तारा कडेला जाऊन निसटतो.

खरं सांगायचं तर सेकंदाला अर्ध्या विकलेहून वेगवान लघुग्रहासाठी मी माउंटला वेग देण्याच्या फंदात पडत नाही. तारे गोल ठेवून छोट्या एक्स्पोजर घेतो आणि सरकवण्याचं काम नंतर संगणकाकडे सोपवतो. ताऱ्यांच्या रेघा झाल्या की प्लेट सॉल्व्हही रुसतं, आणि तेच तर आपलं मुख्य हत्यार.

“ठिपका सापडला, पण तो तोच का?”

हॉट पिक्सेल, म्हणजे सेन्सरवरचा कायम उजळ दिसणारा सदोष पिक्सेल, पहिला संशयित. माउंट लघुग्रहामागे चालत असेल तर लघुग्रह आणि हॉट पिक्सेल दोन्ही सेन्सरवर जागच्या जागी बसतात, दोघांत फरक उरत नाही. मालिकेच्या मध्यावर दुर्बीण तीस-चाळीस पिक्सेल सरकवा. लघुग्रह सरकेल, हॉट पिक्सेल हलणार नाही. याच्या उलटही होतं: हॉट पिक्सेल काढणारी स्वयंचलित सफाई एका पिक्सेलवर मावलेला फिकट लघुग्रहही साफ करते. कमी फोकल लेंग्थवर ती सफाई बंद ठेवून डार्क फ्रेमवर (झाकण लावून काढलेल्या आणि नंतर वजा करायच्या फ्रेमवर) भागवा.

दुसरा संशयित भूस्थिर उपग्रह. ताऱ्यांमध्ये तो नेहमी पूर्वेकडे सेकंदाला १५ विकला वेगानं सरकतो आणि खगोलीय विषुववृत्तापासून काही अंशांतच सापडतो. ठिपक्याचा वेग बरोब्बर पंधरा आला तर आनंद आवरा.

मोजमाप करून मायनर प्लॅनेट सेंटरला पाठवायचं असेल, तर संशय घड्याळावर घ्या. सेकंदाला पाच विकलांच्या लघुग्रहाला घड्याळाची एका सेकंदाची चूक म्हणजे जागेत पाच विकलांची चूक. संगणकाचं घड्याळ एनटीपीनं (इंटरनेटवरून वेळ जुळवण्याच्या सोयीनं) किंवा जीपीएसनं जुळवा. फाइलवरची वेळ एक्स्पोजर सुरू झाल्याची, संपल्याची की फाइल डिस्कवर लिहिल्याची, हे शोधून काढा. पाठवायची ती मध्याची. डीएसएलआरचं घड्याळ तर पूर्ण स्वतंत्र कारभार. रोलिंग शटरच्या, म्हणजे ओळीमागून ओळ टिपणाऱ्या, सेन्सरमध्ये वरच्या आणि खालच्या ओळीची वेळही एक नसते. काही हौशी निरीक्षक जीपीएसच्या उपग्रहांचे फोटो काढून आपलं घड्याळ तपासतात, कारण त्यांची जागा क्षणाक्षणाला ठाऊक असते. वेगवान लघुग्रहाची रंगीत तालीम म्हणूनही हे उत्तम.

“रेघ मध्येच तुटते”

हे दिसलं की लोक ढगाला किंवा माउंटला दोष देतात. आधी शेजारचे तारे पाहा. तेही त्याच फ्रेममध्ये मंदावले असतील तर ढगच. तारे स्थिर आणि फक्त लघुग्रह उजळतो-मंदावतो आहे, तर बिघाड कुठलाच नाही. तो वेडावाकडा दगड स्वतःभोवती फिरतो आहे आणि कधी रुंद बाजू, कधी अरुंद बाजू दाखवतो आहे. दोनशेएक मीटरपेक्षा मोठे लघुग्रह क्वचितच दोन-सव्वादोन तासांपेक्षा कमी वेळात एक फेरी घेतात, पण त्याहून लहानांपैकी काही मिनिटभरातच गिरकी पूर्ण करतात. अशा वेळी सगळ्या फ्रेम एकत्र करू नका, वेगवेगळ्या ठेवा. प्रत्येक फ्रेममधली लघुग्रहाची उजळता जवळच्या दोन-तीन स्थिर ताऱ्यांशी ताडून वेळेसमोर मांडा. आलेखात उंचवटे आणि खळगे ठरावीक अंतरानं परत येऊ लागले की दोन उंचवट्यांची मिळून बहुधा एक फेरी होते. ते अंतर तुमच्या एक्स्पोजरच्या जवळपास असेल, तर पुढच्या फ्रेमसाठी एक्स्पोजर निम्मं करा, तो कडेबाहेर जायच्या आत.